गेरूची पूड आणि काचेसारखं रेझिन

काचेसारखी चकचकीत कीचेन तुम्ही नक्कीच पाहिली असेल. आतला निळा किंवा लाल रंग जणू पाण्यात थिजून बसलेला! पण ती काच नव्हे बरं का, ते असतं इपॉक्सी रेझिन. आता सांगा पाहू, त्यात कोणता रंग घालावा? चित्रकलेच्या पेटीतला? डब्यातली हळद? की घराच्या भिंतीला लावतात तो गेरू?

उत्तर शोधायला थोडं फिरून येऊ या.

अजिंठ्याच्या भिंतीवर

चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून पश्चिमेला, बुलढाणा ओलांडून पुढे गेलं की अजिंठ्याची लेणी लागतात. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी तिथं चित्रं काढणाऱ्यांकडे रंगाच्या ट्यूबा नव्हत्या. मग त्यांनी काय केलं? लाल रंगासाठी गेरू घेतला, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. हिरवी माती तर आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतच सापडते. फक्त निळा रंग लांबून आला. तो होता लाजवर्द नावाचा दगड, थेट अफगाणिस्तानातला!

पण नुसती पूड भिंतीवर टिकेल का? हात लावला की झडेल. म्हणून चित्रकार तिच्यात सरस किंवा डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळत. म्हणजे रंग ही जोडी असते. एक रंगपूड आणि दुसरा तिला धरून ठेवणारा पदार्थ.

ही जोडी चुकली तर काय होतं, तेही अजिंठ्यानंच दाखवलं. १९२० नंतर निजाम सरकारनं चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. हेतू चांगला होता, पण काही वर्षांत ते पिवळं आणि काळपट पडलं. गेरू तसाच होता, वरचं आवरण बदललं! पुढे ते काढण्याचं नाजूक काम पुरातत्त्व खात्याला करावं लागलं.

आता रेझिनकडे वळू

इपॉक्सी रेझिनचं चिकटद्रव्य, म्हणजे आपल्या ओळखीचं अ‍ॅरल्डाइट, स्वित्झर्लंडमध्ये १९४६ साली बाजारात आलं. त्यात दोन द्रव असतात : रेझिन आणि हार्डनर. दोन्ही मिसळले की ते एकमेकांत गुंतून घट्ट होतात. इथं रेझिन म्हणजे अजिंठ्याच्या सरसाचीच भूमिका!

मग पेटीतला पाण्याचा रंग का नको? कारण पाणी त्या घट्ट होण्यात लुडबूड करतं. वस्तू चिकट, धुरकट राहू शकते. हळद का नको? कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, ते आठवा. हार्डनर साबणासारखाच अल्कधर्मी असतो, त्यामुळे पिवळा रंग लालसर होऊ शकतो. शिवाय हळद उन्हात विटते. गेरूचं तसं नाही. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका परीनं गंजाचाच भाऊ. तो ऊन सोसतो, अल्कलीही सोसतो.

मात्र गेरू पूर्ण कोरडा हवा. तो बारीक कुटावा आणि मलमलीतून चाळावा. जाड कण तळाशी बसतात. पूड आधी थोड्याशा रेझिनमध्ये घोटून लेप करावा, मग तो उरलेल्या रेझिनमध्ये मिसळावा, आणि हार्डनर सगळ्यात शेवटी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. पूड चिमूटभरच पुरे. जास्त घातली तर वस्तू कच्ची राहू शकते. आणि हो, लाजवर्दाची निळाई असो की गेरूची लाली, बरेचसे रेझिन उन्हात हळूहळू पिवळट होते. अजिंठ्याचं वार्निश आठवलं ना?

करून पाहा

रेझिनचा प्रयोग मोठ्यांनीच करायचा. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. जास्त प्रमाणात मिसळलं तर भांडंसुद्धा तापतं. पालकांनो, हार्डनर मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

तुम्ही मात्र हे करा. गेरूची पूड एका वाटीत पाण्यात कालवा, दुसऱ्या वाटीत डिंकाच्या पाण्यात. कागदावर दोन ठिपके काढा. वाळल्यावर कोरड्या बोटानं चोळा. कोणता ठिपका बोटाला लागतो? आता दोन्हींचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका आणि कागद महिनाभर उन्हात ठेवा. शेजारी हळदीचाही एक ठिपका तसाच झाकून ठेवा.

महिन्यानंतर पुठ्ठा उचला. रंग कसा निवडावा, हे मग तुम्हाला कुणी सांगायची गरजच उरणार नाही!