अधिक गुण मिळवूनही पराभव : टेनिसच्या गुणपद्धतीचे तर्कशास्त्र

उद्दिष्टे

या भागाच्या अभ्यासानंतर आपणांस
• गुण, गेम, सेट आणि सामना यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• 'सरस खेळणे' आणि 'जिंकणे' यांतील फरक उदाहरणासह सांगता येईल.

प्रास्ताविक

ज्याचे गुण अधिक तो विजयी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कबड्डीत तो खरा ठरतो. टेनिसमध्ये तो ठरेलच असे नाही. टेनिसचे कोर्ट गावोगावी नसते, व्हॉलीबॉलची जाळी मात्र कोकणात अनेक ठिकाणी दिसते. म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेल्या देवबाग गावात दोन संघांचा पाच सेटचा सामना झाला, अशी कल्पना करा. पहिल्या संघाचे गुण आधी लिहिल्यास निकाल असा : २५-१०, २३-२५, २५-११, २३-२५, १३-१५. बेरीज करून पाहा. पहिल्या संघाचे १०९ गुण, दुसऱ्याचे ८६. तरीही पहिला संघ २-३ असा हरला, कारण सामना गुणांच्या बेरजेवर नव्हे, जिंकलेल्या सेटच्या संख्येवर ठरतो.

विवेचन

टेनिसमध्ये ही रचना आणखी एका पायरीने वाढते. गुणांतून गेम, गेममधून सेट आणि सेटमधून सामना जिंकला जातो. प्रत्येक पायरीवर आधीचा फरक पुसला जातो. एकही गुण न गमावता जिंकलेला गेम आणि दीर्घ झुंजीनंतर जेमतेम दोन गुणांच्या आघाडीने जिंकलेला गेम यांचे मोल सारखेच. ६-१ असा सेट घेतला काय किंवा ७-६ असा घेतला काय, खात्यावर एकच सेट जमा होतो. मोठ्या फरकाने जिंकताना मिळवलेले जादा गुण पुढच्या सेटमध्ये उपयोगी पडत नाहीत.

१४ जुलै २०१९ रोजी झालेला विम्बल्डनचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना याचे ठळक उदाहरण होय. ४ तास ५७ मिनिटे चाललेल्या या सामन्यात नोव्हाक जोकोविचने रॉजर फेडररला ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असे हरवले. फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. गेमही फेडररचेच अधिक : ३६ विरुद्ध ३२.

हा विरोधाभास सेटनिहाय पाहिला की उलगडतो. फेडररने जिंकलेल्या दोन सेटमध्ये त्याची आघाडी अनुक्रमे पाच व दोन गेमची होती. गमावलेल्या तिन्ही सेटमध्ये तो केवळ एकेका गेमने मागे पडला, आणि तो एक गेम प्रत्येक वेळी टायब्रेकचा होता. म्हणजे फेडरर मोठ्या फरकाने दोनदा जिंकला. जोकोविच निसटत्या फरकाने तीनदा. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी असताना, स्वतःच्या सर्व्हिसवर, फेडररला विजेतेपदासाठी एकच गुण हवा होता. अशा दोन संधी त्याला मिळाल्या, दोन्ही हुकल्या.

मग ही पद्धत अन्यायकारक म्हणावी काय? तिची दुसरी बाजूही लक्षात घ्या. प्रत्येक सेट शून्यापासून सुरू होत असल्याने दुसरा सेट १-६ असा गमावलेल्या जोकोविचला तिसऱ्या सेटमध्ये ते ओझे वाहावे लागले नाही. मागे पडलेल्याला अखेरपर्यंत संधी उरते. आघाडीवर असलेल्याला अखेरचा गुण मिळेपर्यंत निश्चिंत होता येत नाही. खेळातील उत्कंठा या नियमातूनच जन्मते. निर्णायक क्षणी खेळ उंचावणे हेही येथे एक कौशल्यच ठरते. त्यामुळे अशा विजयाला केवळ नशिबाचा भाग म्हणणे अपुरे आहे, तसेच पराभूताला निष्प्रभ म्हणणेही.

सारांश

किती गुण मिळाले याइतकेच ते कोठे मिळाले यालाही टेनिसमध्ये महत्त्व असते. 'तो सरस खेळला' आणि 'तो जिंकला' ही दोन स्वतंत्र विधाने होत. पहिल्यासाठी खेळाचा तपशील पाहावा लागतो, दुसऱ्यासाठी गुणफलक पुरेसा असतो. क्रीडावृत्त वाचताना व लिहिताना हा विवेक राखावा.

स्वाध्याय

१. एक खेळाडू ६-०, ६-७, ६-७ असा हरला. त्याने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गेम अधिक जिंकले?
२. एखाद्या गटाला गावात एकूण मते अधिक मिळूनही ग्रामपंचायतीत जागा कमी मिळू शकतात. या भागातील विवेचनाच्या आधारे याचे कारण शंभर शब्दांत लिहा.