खरीफचा वारा आणि सलालाहची वीज

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सलालाहमध्ये खरीफ सुरू होतो. अरबीत या शब्दाचा अर्थ शरद ऋतू. मराठी शेतकऱ्याचा ‘खरीप’ त्यावरूनच आला. दोन्हीकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेही एकच. कोकणात धो धो कोसळणारा हा पाऊस धोफारच्या डोंगरांवर मात्र धुके आणि रिमझिम होऊन उतरतो. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ओमानने आता याच वाऱ्याकडे वीजस्रोत म्हणून पाहायला सुरुवात केली आहे.

वाळवंटी देशाने सूर्य सोडून वाऱ्याकडे का वळावे? उत्तरेत इब्री येथे ५०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि तेथे तो शोभतोही. सलालाहचे आकाश मात्र खरीफचे तीन महिने झाकोळलेले असते आणि नेमके तेव्हाच वारे जोर धरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील ऊर्जा आठपट होते. त्यामुळे पवनचक्कीसाठी वर्षभराच्या मंद झुळकीपेक्षा काही महिन्यांचा जोमदार वारा अधिक मोलाचा ठरतो. धोफारमधील हरवील येथे २०१९ मध्ये सुरू झालेला ५० मेगावॉटचा प्रकल्प याच हिशेबावर उभा आहे. अबू धाबी विकास निधीचे अर्थसाहाय्य आणि ‘मसदार’ कंपनीची उभारणी असलेल्या या १३ पवनचक्क्या आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतील पहिला मोठा पवन प्रकल्प ठरल्या.

खरी अडचण पुढे आहे. खरीफमध्ये सलालाहचा पारा पंचविशीच्या आसपास उतरतो, वातानुकूलन यंत्रांना विसावा मिळतो आणि विजेची मागणी घटते. म्हणजे वारा भरात असताना शहराला विजेची गरज कमी. धोफारमधील मागणीचे शिखर खरीफपूर्वीच्या उकाड्यातच येऊन गेलेले असते. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठाराला हा अनुभव जुना आहे. तेथेही पवनचक्क्या पावसाळ्यात सर्वाधिक फिरतात, पण तेव्हा शेतीपंप बंद असतात. फरक असा की महाराष्ट्राच्या वीजजाळ्यात ही वीज दूरवरच्या कारखान्यांपर्यंत पोहोचू शकते.

धोफारचे जाळे मात्र मस्कतकडील मुख्य जाळ्यापासून वर्षानुवर्षे वेगळे राहिले. जुलैत मस्कत चाळीस अंशांच्या जवळपास तापत असते. तेथे प्रत्येक युनिटला मागणी असते. म्हणूनच ‘रब्त’ या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचे महत्त्व पवनचक्क्यांहून कमी नाही. तिचा पहिला टप्पा उत्तरेकडून दुक्मपर्यंतचा, तर दुसरा दुक्म ते धोफार असा आहे. ही तार जोडल्याशिवाय नव्या चक्क्या उभारणे म्हणजे रस्ता नसलेल्या रानात आमराई लावणे होय.

‘तेलाला पर्याय’ हा शब्दप्रयोगही येथे जपून वापरायला हवा. ओमानची वीज मुख्यतः नैसर्गिक वायूवर तयार होते, तेलावर नव्हे. वाऱ्याने वाचतो तो वायू; सरकारी तिजोरी भरते ती मात्र तेल आणि वायू विकून. दक्षिण ओमानमधील अमल तेलक्षेत्रात तर काचगृहांत आरसे मांडून सौरउष्णतेने वाफ तयार करण्यात आली, ती जमिनीतील दाट तेल पातळ करून उपसण्यासाठी! स्वच्छ ऊर्जा तेलाची जागा घेण्याऐवजी त्याच्याच सेवेला लागली.

निर्यातीची जागा भरून काढण्याची जबाबदारी हरित हायड्रोजनवर टाकण्यात आली आहे. ‘हायड्रोम’ या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये धोफारमधील दोन क्षेत्रे विदेशी कंपन्यांच्या समूहांना दिली. सलालाह मुक्त क्षेत्रात वायूपासून अमोनिया आजही तयार होतो. बंदर शेजारीच आहे. तेल-वायू क्षेत्रात कारकीर्द घडवलेल्या मराठी अभियंत्यांसाठी ही नोंद महत्त्वाची. हायड्रोजनचा कच्चा माल बदलला, तरी कॉम्प्रेसर, उच्च दाबाच्या वाहिन्या आणि अमोनियाची सुरक्षितता हाताळणारे कौशल्य तेच राहते. पवनचक्क्यांना उभारणीनंतर तुलनेने फार थोडी माणसे लागतात. रासायनिक कारखान्यांचे तसे नाही. अर्थात ओमानीकरणाचे धोरण तेथेही लागू राहणार.

एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे पन्नास युनिट वीज लागते. पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागेल, त्यालाही वीज हवी. तरी एकूण खर्चात तिचा वाटा किरकोळ. कळीचा प्रश्न ग्राहकाचा आहे. वायूपासून बनणाऱ्या हायड्रोजनपेक्षा महाग असलेला हा माल दीर्घ मुदतीच्या कराराने घेणारा खरेदीदार मिळाला, तरच बँका कर्जाची पेटी उघडतील.