हापसा ५० दिवस बंद, तरी अहवालात ‘१०० टक्के दुरुस्ती’. हे गणित जमतं कसं?

उन्हाळा आला की मराठवाड्यात पाण्याच्या बातम्या सुरू होतात. टँकर किती लागले, धरणात किती टक्के पाणी उरलं, कोणत्या गावात विहीर आटली. या सगळ्यात एक गडी मात्र बातमीत येत नाही. तो म्हणजे हापसा.

नळयोजना आली तरी हापसा संपलेला नाही. वीज गेली, मोटार जळाली, पाइपलाइन फुटली की बायाबापड्यांची कळशी परत हापशाखालीच येते. आणि तो बंद पडला की तक्रार होते, रजिस्टरमध्ये नोंद होते, दुरुस्ती पथक येतं आणि महिनाअखेर एक अहवाल वर जातो.

गंमत अशी की, रजिस्टरमधली एकही नोंद खोटी नसताना अहवाल तुमची दिशाभूल करू शकतो. कसा? तेच समजून घेऊया.

आधी जालन्याचं आणि हापशाचं नातं

आज गावोगावी दिसणाऱ्या हापशाच्या जन्माची एक मोठी पायरी जालन्यात आहे. १९६० च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्यातल्या मिशननं खडकात बोअर घ्यायला सुरुवात केली. तेव्हाचे बिडाचे पंप हे एखाद्या घरापुरते बनवलेले असायचे. अख्खं गाव त्यावर पाणी भरायला लागलं की ते मोडायचे. त्यातून पोलादी आणि मजबूत असा ‘जालना पंप’ तयार झाला. पुढं सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या. हाच धागा पकडून युनिसेफ आणि भारतातल्या तंत्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप बनवला. तो पुढं जगभर गेला.

पण पंप मजबूत झाला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मार्क २ मध्ये खाली पाण्यात असलेला वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. त्यासाठी माणसं लागतात, अवजारं लागतात, गाडी लागते. म्हणजे खरा प्रश्न ‘पंप किती वेळा बिघडतो’ एवढाच नाही, तर ‘बिघडल्यावर किती दिवस बंद राहतो’ हा आहे.

तमिळनाडूत यासाठी एक साधी पद्धत काढली होती. गावातल्या एका माणसाकडं पंपाची जबाबदारी आणि पोस्टकार्डं द्यायची. पंप बंद पडला की त्यानं कार्ड टाकायचं. कार्ड मिळालं की मेकॅनिक निघायचा.

ते पोस्टकार्ड म्हणजेच आजच्या भाषेतली ‘वर्क ऑर्डर’.

वर्क ऑर्डर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडं वर्क ऑर्डर म्हटलं की ठेकेदाराला मिळणारा कामाचा आदेश आठवतो. देखभालीच्या क्षेत्रात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एका बिघाडाची एक नोंद म्हणजे एक वर्क ऑर्डर. त्यात साधारण एवढ्या गोष्टी असतात: कोणता पंप, तक्रार कधी आली, पथक कधी पोहोचलं, पंप कधी सुरू झाला, काय बिघडलं होतं, कोणता भाग बदलला, खर्च किती.

ही झाली कच्ची माहिती. तिचा अहवाल बनवताना दोन हत्यारं वापरली जातात.

पहिलं हत्यार म्हणजे हिशेबाचा रकाना. हा रकाना कुणी हातानं भरत नाही. दुसऱ्या रकान्यांवरून तो आपोआप निघतो. उदाहरणार्थ, सुरू झाल्याची तारीख वजा तक्रारीची तारीख म्हणजे बंद दिवस.

दुसरं हत्यार म्हणजे फिल्टर, म्हणजे चाळणी. कोणत्या नोंदी दाखवायच्या आणि कोणत्या नाही हे ती ठरवते.

घोळ होतो तो या दोन ठिकाणीच.

पिंपळगाव रेणुकाईचं उदाहरण घेऊया

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात बाजारतळ असतो, शाळा असते, मंदिर असतं आणि गावापासून लांब शेतवस्त्या असतात. समजा, तिथल्या हापशांच्या पाच नोंदी अशा आहेत. (या तारखा फक्त समजावून सांगण्यासाठी घेतल्यात, गावच्या रजिस्टरमधल्या नाहीत.)

- शाळेजवळचा हापसा: तक्रार २ एप्रिल, सुरू ४ एप्रिल
- मंदिराजवळचा हापसा: तक्रार १० एप्रिल, सुरू १३ एप्रिल
- वस्तीवरचा हापसा: तक्रार ११ एप्रिल, अजून बंद
- बाजारतळाचा हापसा: तक्रार १८ एप्रिल, सुरू २० एप्रिल
- बाजारतळाचा हापसा: पुन्हा तक्रार ५ मे, सुरू ८ मे

आता ३१ मे रोजी अहवाल बनवायचाय.

अहवाल पहिला: ‘मे महिन्यात आलेल्या तक्रारी’ असा फिल्टर लावला. एकच नोंद दिसते, बाजारतळाची. ती तीन दिवसांत दुरुस्त. निकाल: १०० टक्के दुरुस्ती! वस्तीवरचा हापसा अख्खा मे महिना बंद होता, पण त्याची तक्रार एप्रिलची. त्यामुळं तो यादीत आलाच नाही.

अहवाल दुसरा: दोन्ही महिने घेतले, पण फिल्टर ‘पूर्ण झालेली कामं’ असा लावला. चार नोंदी, बंद दिवस २, ३, २ आणि ३. सरासरी अडीच दिवस. वाचणारा म्हणेल, वा, काय वेगवान पथक आहे! वस्ती इथंही गायब. कारण तिथं सुरू झाल्याची तारीख रिकामी आहे, आणि रिकाम्या खान्यातून वजाबाकी होत नाही.

अहवाल तिसरा: पाचही नोंदी घेतल्या. जिथं सुरू झाल्याची तारीख रिकामी आहे तिथं अहवालाची तारीख धरली. वस्तीवरचा हापसा ११ एप्रिल ते ३१ मे, म्हणजे ५० दिवस बंद. एकूण बंद दिवस ६०, सरासरी १२ दिवस. त्या ६० पैकी ५० दिवस एकट्या वस्तीचे.

रजिस्टर एकच. नोंदी त्याच. चित्र तीन.

मग बरोबर अहवाल कसा असतो?

गुगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये मोबाईलवरही जमेल असं काम आहे. चार गोष्टी करायच्या.

१. बंद दिवस मोजताना अट घाला: सुरू झाल्याची तारीख असेल तर ती घ्या, नसेल तर आजची तारीख घ्या. यासाठी ‘इफ’ आणि ‘टुडे’ ही दोन सूत्रं पुरतात. जुन्या महिन्याचा अहवाल असेल तर आजच्याऐवजी त्या महिन्याची शेवटची तारीख टाका.

२. महिन्याचा फिल्टर तक्रारीच्या तारखेवर लावू नका. त्याऐवजी दोन अटी लावा: तक्रार महिना संपण्याआधीची असावी, आणि हापसा महिना सुरू झाल्यावरच दुरुस्त झालेला असावा किंवा अजून बंद असावा. म्हणजे त्या महिन्यात एक दिवस जरी बंद असलेला हापसा यादीतून सुटणार नाही.

३. ‘मागच्या दुरुस्तीनंतर किती दिवसांत पुन्हा बिघडला’ हा रकाना जोडा. वरच्या उदाहरणात बाजारतळाचा हापसा १५ दिवसांत पुन्हा बंद पडला. अहवालात ती दोन यशस्वी कामं दिसतात. खरं तर पहिलं काम नीट झालं नसावं किंवा मूळ दोष वेगळाच असावा, असा प्रश्न तिथं विचारायला हवा.

४. बंद दिवसांना त्या हापशावर अवलंबून असलेल्या घरांनी गुणा. समजा बाजारतळाच्या हापशावर ४० घरं आहेत आणि तो दोन वेळा मिळून ५ दिवस बंद होता. हे झाले २०० घर-दिवस. वस्तीवर ३० घरं, ५० दिवस, म्हणजे १,५०० घर-दिवस. पथकाची गाडी आधी कुठं जायला हवी होती, हे आता वेगळं सांगायला नको.

जगानं हा धडा आधीच घेतलाय

जागतिक बँकेनं १९८७ साली हातपंपांवर एक पुस्तक काढलं. त्यातला एक मुद्दा आजही लागू आहे: क्वचित बिघडणारा पण महिनोन्महिने बंद राहणारा पंप हा वारंवार बिघडून लगेच दुरुस्त होणाऱ्या पंपापेक्षा कमी भरवशाचा असतो.

हिशेब करून बघा. एक हापसा वर्षात एकदाच बिघडला, पण ६० दिवस बंद राहिला. तो वर्षातले ३०५ दिवस चालला, म्हणजे सुमारे ८४ टक्के. दुसरा चार वेळा बिघडला, पण प्रत्येक वेळी दोन दिवसांत सुरू झाला. तो ३५७ दिवस चालला, म्हणजे सुमारे ९८ टक्के. फक्त तक्रारींची संख्या मोजली तर दुसरा हापसा वाईट ठरतो. पाणी मात्र त्यानंच जास्त दिवस दिलं.

याच विचारातून पुढं ‘इंडिया मार्क ३’ आला. त्यात वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागत नाहीत, त्यामुळं दुरुस्ती गावपातळीवर होऊ शकते.

तुम्ही काय करू शकता?

ग्रामसभेत ‘किती हापसे दुरुस्त केले?’ हा प्रश्न विचारला तर मोठा आकडा ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: ‘आज कोणते हापसे बंद आहेत आणि किती दिवसांपासून?’ या प्रश्नाचं उत्तर फिल्टरमागं लपत नाही.

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, झेरॉक्सच्या प्रत्येक पानाला २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तयार अहवाल मागू नका. हापसा दुरुस्तीच्या तक्रार रजिस्टरच्या प्रती मागा, कालावधी स्पष्ट लिहा. तक्रारीची आणि सुरू झाल्याची तारीख हातात आली की बाकी हिशेब तुम्हीच करू शकता.

आणि एक गोष्ट तपासा. ‘सुरू झाल्याची तारीख’ कुणी लिहिली? पथकानं काम संपवून निघताना, की गावकऱ्यांनी पाणी आल्याची खात्री करून सही केल्यावर? या दोन तारखांत फरक पडत असेल, तर सगळ्यात आधी तोच रकाना दुरुस्त करायला हवा.

हीच पद्धत जळालेल्या डीपीला, रस्त्यावरच्या दिव्यांना, शाळेच्या शौचालयाला, कशालाही लागू होते. पुढच्या वेळी ‘९५ टक्के तक्रारींचं निवारण’ असं पोस्टर तुमच्या फीडमध्ये दिसलं, तर शेअर करण्याआधी कमेंटमध्ये एवढंच विचारा: उरलेले पाच टक्के कोण आहेत, आणि ते किती दिवसांपासून थांबलेत?