गर्दीचा शब्द आणि गिऱ्हाइकाचा शब्द

कापडाच्या अनेक दुकानांत अलीकडे एक नवे काम वाढले आहे. माल आला की साडीची घडी मोडून ती मोबाइलपुढे उलगडली जाते आणि तिचा व्हिडिओ यूट्यूबवर चढविला जातो. चित्रीकरणाला तास-दोन तास दिले जातात. शीर्षक मात्र ‘सुंदर साड्यांचे नवीन कलेक्शन’ असे काहीतरी लिहून उरकले जाते. ज्या ग्राहकाने दुकान कधी पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने तेवढीच काय ती दुकानाची पाटी. पण शोधचौकटीत हे शब्द लिहिणार कोण?

ग्राहक कोणते शब्द लिहितो, याचा अंदाज गूगलच्या ‘कीवर्ड प्लॅनर’मधून मिळतो. एखादा शब्द दरमहा सरासरी किती वेळा शोधला जातो, ते तो सांगतो. हा आकडा मोठा दिसला की व्यापारी मन हुरळते. तथापि, बाजारपेठेतून हिंडणारी माणसे वेगळी आणि दुकानाची पायरी चढणारी वेगळी, हा भेद येथेही आहेच. तो ओळखण्यास शोध-जाहिरातींतील जुळणीचे तीन प्रकार उपयोगी पडतात.

‘पैठणी साडी’ हेच शब्द घेऊ. ब्रॉड मॅच, म्हणजे व्यापक जुळणी, यांत ‘लग्नासाठी रेशमी साडी’ असा केवळ संबंधित शोधही येऊ शकतो. फ्रेज मॅचमध्ये त्या शब्दांचा अर्थ शोधात असावा लागतो. ‘येवल्याची पैठणी साडी किंमत’ हा शोध त्यात बसतो. एक्झॅक्ट मॅचमध्ये मात्र त्याच अर्थाचा नेमका शोध घेतला जातो. २०१३ पूर्वीच्या ‘कीवर्ड टूल’मध्ये व्यापक जुळणीचा फुगलेला आकडा समोर येई आणि तोच आपला ग्राहकवर्ग, असा समज होई. प्लॅनर आता तो शब्द व त्याची अगदी जवळची रूपे एवढ्यापुरताच आकडा देतो. शिवाय जाहिरातीवर खर्च न करणाऱ्यास बहुधा ‘एक हजार ते दहा हजार’ असा ढोबळ पल्लाच दिसतो.

हे आकडे गूगलवरील शोधांचे असतात, यूट्यूबवरील नव्हेत. त्यासाठी ‘गूगल ट्रेंड्स’मध्ये यूट्यूब शोधाचा पर्याय निवडावा. तेथे प्रत्यक्ष संख्या मिळत नाही, शून्य ते शंभर अशी तुलना मिळते. दोन शब्दांत उजवा कोणता आणि लग्नसराईत कोणता वर चढतो, एवढे त्यातून निश्चित कळते. वर्षाच्या सरासरीत लग्नसराईची आणि दिवाळीची चढण लपून जाते. माल केव्हा भरावा हे जाणणाऱ्याला याचे महत्त्व सांगावयास नको.

खरा प्रश्न पुढे आहे. दुकानात यंत्रमागावरील सेमी पैठणी आहे आणि ‘सेमी पैठणी’पेक्षा नुसत्या ‘पैठणी’चा शोध मोठा आहे, तर शीर्षकात काय लिहावे? येवल्याच्या हातमागावरील पैठणीच्या शोधात आलेली गृहिणी यंत्रमागाचा पदर पाहताच व्हिडिओ बंद करील, ते परवडले. तिला फरक कळला नाही आणि तिने साडी मागविली, तर पार्सल उघडल्यावर दुकानाचे नाव जाईल. दिशाभूल करणारी शीर्षके यूट्यूबच्या नियमांतही बसत नाहीत. तेव्हा ‘सेमी पैठणी साडी घाऊक भाव’ असे लिहावे. शोधणारे थोडे असतील, पण ते नेमका तोच माल मागत येतील.

लिपीचाही विचार हवा. मराठी ग्राहक पुष्कळदा रोमन लिपीत शोधतो आणि एकाच शब्दाचे स्पेलिंग दहा जण दहा तऱ्हांनी करतात. शीर्षक शंभर अक्षरांच्या मर्यादेत दोन्ही लिप्यांत बसविता येते. चुकीच्या स्पेलिंगांसाठी टॅग आहेत. एरवी टॅगांचा प्रभाव अल्पच, असे यूट्यूबच सांगते. वर्णनात टॅगांची रास ओतणे तर नियमबाह्यच ठरते.

व्हिडिओ चढवून महिना झाला की यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ हा भाग उघडावा. कोणत्या शब्दांनी प्रेक्षक आले आणि त्यांनी किती वेळ पाहिले, ते तेथे नोंदलेले असते. ज्या शब्दाने आलेला प्रेक्षक भाव सांगेपर्यंत थांबला, तो शब्द पुढच्या व्हिडिओच्या शीर्षकात आधी घ्यावा.