जुगाऱ्याचे आत्मनिवेदन आणि निवेदकाचा हितसंबंध

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34 व्या सूक्तात, म्हणजे अक्षसूक्तात, जुगारी स्वतः बोलतो आणि आपली हानी सांगून श्रोत्याला फाशांपासून परावृत्त करतो. दस्तयेवस्कीने कराराच्या दडपणाखाली 1866 साली सांगून उतरवून घेतलेल्या ‘जुगारी’ या कादंबरीचे निवेदनही प्रथमपुरुषी आहे. ऑनलाइन जुगाराच्या ‘ॲफिलिएट मार्केटिंग’मध्ये हेच आत्मनिवेदन उपजीविकेचे साधन होते. हौशी खेळाडू आपले अनुभव लिहितो, निरनिराळ्या खेळांची तुलना करतो. त्याने दिलेल्या दुव्यावरून वाचक खेळू लागला, की लेखकास एकरकमी मोबदला अथवा चालकाच्या उत्पन्नातील वाटा मिळतो. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या धनातून शेकडा 5 घ्यावेत, असा निर्देश आहे. येथील वाटा मात्र मुख्यतः वाचकाच्या हरण्यातून येतो. त्यामुळे निवेदनातील ‘मी’ प्रांजळ भासला, तरी त्याचे हित वाचकाच्या हिताविरुद्ध असते. भारतात 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात दंडनीय ठरवली आहे. अशा संहितांच्या तौलनिक अभ्यासात निवेदकाची विश्वसनीयता ठरवण्यापूर्वी त्याच्या उत्पन्नाचा करार पाहणे अगत्याचे ठरते.