हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

इंडोनेशियातल्या चिलेगोनचा क्राकाताऊ स्टील हा सरकारी पोलाद कारखाना. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत त्याला सरकारी संरक्षण होतं. १९९७-९८च्या आर्थिक संकटात सुहार्तो यांची सत्ता गेली आणि हे कवच गळू लागलं. जागतिक स्पर्धेत टिकायचं तर आधी माणसं बदलली पाहिजेत, असं ठरवून व्यवस्थापनाने आरी गिनांजार आगुस्तियान यांचं ‘ईएसक्यू’ प्रशिक्षण आणलं. डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने गाजलेली भावनिक बुद्धिमत्ता आणि इस्लामची मूलतत्त्वं यांची ही सांगड. इहसान (अल्लाह पाहतो आहे ही जाणीव) एक, श्रद्धेची कलमं सहा, आचरणाचे स्तंभ पाच, म्हणून तिची खूण १६५. तिच्यात नमाज म्हणजे चारित्र्यघडण, रोजा म्हणजे आत्मसंयम आणि जकात म्हणजे चक्क व्यूहात्मक सहकार्य! मानववंशशास्त्रज्ञ डारोमिर रुडनिकी यांनी या कारखान्यात अभ्यास करून २०१०मध्ये पुस्तक लिहिलं. प्रशिक्षणवर्गांतले प्रचंड पडदे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि हमसून रडणारी प्रौढ माणसं त्यात भेटतात.

हा निव्वळ भांडवलाचा कावा, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग कामगार म्हणजे फसायला बसलेली भाबडी माणसं, असं मानावं लागतं. शिवाय मनाची ही मशागत इस्लामला गोलमन यांनी शिकवलेली नाही. नवव्या शतकात अल-मुहासिबी आणि पुढे इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी स्वतःच्या हेतूंची झडती घेण्याची, म्हणजे मुहासबाची, तपशीलवार पद्धत मांडली. राग आला तर उभं असलेल्याने बसावं, तरीही शमला नाही तर आडवं व्हावं, हा हदीसमधला सल्ला तर आजच्या कुठल्याही कार्यशाळेत खपून जाईल. फरक पडतो तो हिशेब कोणापुढे मांडायचा इथे. गझालींच्या साधकाचा हिशेब अल्लाहपुढे असतो, त्यात उत्पादनाचा आकडा येत नाही. कारखान्यातल्या हिशेबाला मात्र नफ्या-तोट्याचा दुसरा रकाना जोडला जातो, आणि तो भरतो व्यवस्थापक.

अध्यात्म आणि भावनिक बुद्धिमत्ता हातात हात घालून वाढतात, हे पाहण्यांच्या आकड्यांनी सिद्ध होतं की, असा आक्षेप येईल. पण अशा पाहण्यांत बहुधा कर्मचारीच स्वतःला गुण देतो. धार्मिक माणसाला आपण संयमी असावं असं वाटतं, आणि प्रश्नावली त्याला तेच विचारते. दोन्ही गुण एकाच पेनाने भरले की ते जुळणारच. सहकाऱ्यांना, हाताखालच्यांना विचारलं तर चित्र वेगळं दिसू शकेल.

धर्माच्या बाजूनेही हरकत आली. २०१०मध्ये मलेशियातल्या संघराज्य प्रदेशाच्या मुफ्तींनी ईएसक्यूला भरकटलेलं ठरवलं, तर तिथल्या राष्ट्रीय फतवा परिषदेने अटींवर मुभा दिली. मला हा वाद दुय्यम वाटतो. श्रद्धा शुद्ध राहिली का, यापेक्षा ती कोणाला लागू झाली हे पाहायला हवं. इहसान म्हणजे अल्लाह पाहतो आहे या जाणिवेने वागणं. त्यातून संचालक सुटत नाहीत. २०१९मध्ये क्राकाताऊ स्टीलच्याच एका संचालकाला लाचप्रकरणी अटक झाली. एका माणसावरून प्रशिक्षण फसलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्याला पकडलं ते भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाने, कायद्याने दिलेल्या अधिकारांच्या बळावर.