उजव्या पायाची तार

मंडळी, ईसीजी काढताना छातीवर, हातांना आणि पायांना तारा लावतात हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या ड्रोहेडाचे अवर लेडी ऑफ लूर्ड्स हॉस्पिटल असो की साताऱ्यातला एखादा दवाखाना, पद्धत तीच. पण हृदय छातीत, मग उजव्या पायाला तार कशाला? या प्रश्नाच्या उत्तरात ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पची, सगळी गंमत दडलेली आहे.

ऑप-अ‍ॅम्प म्हणजे एक फाजील हळवा तराजू समजा. पारडी दोन, एक अधिक चिन्हाचे, दुसरे उणे चिन्हाचे. दोहोंच्या व्होल्टेजमधला फरक तो प्रचंड वाढवून दाखवतो. आपल्यातल्या अनेक इंजिनिअरांनी कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळलेला ७४१ (फेअरचाइल्ड कंपनी, १९६८) हा फरक साधारण २ लाख पटींनी वाढवतो. म्हणजे १ मिलिव्होल्टचे २०० व्होल्ट! सप्लाय मात्र १५ व्होल्टचा, त्यामुळे काटा धाडकन टोकाला जाऊन बसतो. शिवाय ही पट दर चिपला वेगळी. असल्या तराजूवर कोण विश्वास ठेवणार?

यावरची युक्ती ट्रान्झिस्टरच्याही आधीची. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जचे हॅरल्ड ब्लॅक यांना कामावर जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत ती सुचली. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती मांडली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. हाच निगेटिव्ह फीडबॅक. तंबोरा लावणारा तार छेडतो, ऐकतो, खुंटी पिळतो, पुन्हा ऐकतो, तसेच हे.

७४१ च्या आउटपुटपासून उणे पारड्याला ९९ किलोओहमचा रेझिस्टर जोडा, तिथून ग्राउंडला १ किलोओहमचा. सिग्नल अधिक पारड्यात द्या. आउटपुटचा शंभरावा हिस्सा परत येतो, आणि दोन्ही पारडी जवळजवळ समान होईपर्यंत आउटपुट सरकत राहते. पट मिळते १००. चिपची पट २ लाखांवरून निम्मी झाली, तरी सर्किटची पट ९९.९५ वरून ९९.९० एवढीच उतरते! २ लाखांची ऐट सोडायची आणि शंभराचा भरवसा घ्यायचा, असा हा सौदा.

आता ईसीजी. हृदयाचा सिग्नल त्वचेवर मिळतो जेमतेम १ मिलिव्होल्ट. भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर (इथेही ५०, भारतातही ५०) त्याच्या कितीतरी पट. पण ती दोन्ही हातांवर जवळपास सारखी येते, आणि दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकले तर काटा हलत नाही. तीन ऑप-अ‍ॅम्पचा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर हेच करतो. तरीही थोडी घरघर उरते. म्हणून बरीच मशिन्स हा सारखा भाग उलटा करून उजव्या पायाच्या तारेतून, अगदी सूक्ष्म प्रवाहाने, शरीराला परत देतात. म्हणजे फीडबॅकच्या वर्तुळात खुद्द पेशंटच! हार्ट अ‍ॅटॅक ओळखताना डॉक्टर ०.१ मिलिव्होल्टचा चढही बघतात. रेघ थरथरली तर तोच झाकला जायचा.

आपली मुले सॉफ्टवेअरकडे वळतात, कौतुकच आहे. पण हृदय, आवाज, ताप हे सगळे मूळचे अ‍ॅनालॉग. आयर्लंडमध्येच, लिमरिकला, अ‍ॅनालॉग डिव्हायसेस ही कंपनी १९७६ पासून आहे, तेव्हा या विद्येला इथे वाव आहे. सुट्टीत मुलांना एक ७४१, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि १० व १ किलोओहमचे रेझिस्टर आणून द्या. पट ११ का येते, ते आधी कागदावर काढू दे, मग मल्टिमीटरने पडताळू दे. अंगाला तारा लावण्याचा उद्योग मात्र घरी नको. तो हॉस्पिटलवाल्यांनाच करू द्यावा!